आत्यासाठी गप्प झालेलं घर

आमची आत्या पिठाची गिरणी चालवायची. यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून तिचा गळाच तसा झाला होता. ती कानात सांगायची ती गोष्टही गल्लीभर व्हायची. तिचे यजमान, आमचे काका, नेमके उलटे. लग्नाला होकार दिला तोच त्यांचा शेवटचा शब्द, असं आम्ही चिडवायचो.

साठीला टेकली आणि आत्याचे पाय आखडू लागले. भांडं पडलं, बेल वाजली, की कंबरेपासून खाली तिचं लाकूड व्हायचं आणि ती उभीच्या उभी कोसळायची. एकदा डोकं फुटलं. मग काकांनी घराचा ताबा घेतला. बेल काढली, दारांच्या कडांना कापड चिकटवलं, गिरणीला कुलूप लावलं. "हळू बोला रे, पडेल ती," एवढंच सांगत फिरायचे.

दवाखान्यातही तीच तऱ्हा. काका आधी आत जाऊन सगळ्यांना गप्प करून यायचे. त्या शांततेत आत्या बऱ्यापैकी चालून दाखवायची आणि डॉक्टर म्हणायचे, "मनातली भीती आहे." असा संताप यायचा मला! आत्या आणि भीती? दोघींची कधी ओळखसुद्धा झाली नव्हती.

शेवटी मेंदूविकाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासणी चालू असताना वाऱ्याने दार लोटलं गेलं. काकांनी झेप घेऊन फटीत हात घातला. बोटं चेमटली, पण हूं की चूं केलं नाही.

बाई बघत राहिल्या. "काका, दार आपटलं असतं तर काय झालं असतं?"

काकांनी सगळं सांगितलं.

"अहो, तुम्ही इतकं जपलंत, की आजार आम्हा कुणाला दिसलाच नाही."

बाईंनी आत्याला झोपवलं आणि जोरात टाळी वाजवली. पाय ताठ झाले.

रक्ताच्या तपासणीनंतर बाईंनी समजावलं, "कुठेतरी कॅन्सरची गाठ लपली असणार. तिच्याशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच मज्जासंस्थेवर घाव घालतंय. गाठ पसरायच्या आत सापडायला हवी."

सापडली. स्तनात, हाताला न लागणारी, वाटाण्याएवढी. ऑपरेशन झालं आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो. काका तर जेवेनातच.

गाठ कुठेही पसरली नव्हती. बाईंनी तसं सांगितल्यावर काकांनी तोंडावर रुमाल दाबला. खांदे गदगदत होते, पण आवाज म्हणून नाही.

पलंगाजवळ उभ्या आत्याने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अहो, मोठ्याने रडा," ती म्हणाली. "मी धरलंय."