माझे परीक्षक दिनकरकाका

काकूंचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकमध्ये होते. "अगं, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. समोर पेशंट होता. त्याला तपासलं, औषध लिहून दिलं आणि मग आत जाऊन रडले. इथल्या डॉक्टरच्या खुर्चीत मला ज्यांनी बसवलं, ते डॉ. दिनकरकाका गेले होते.

नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून मी नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले आणि घरी बसले. काही वर्षांनी, इथल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करून परवाना मिळवायची वाट निघाली. पण तो डॉक्टर अनुभवी हवा, अजून स्वतः प्रॅक्टिस करणारा हवा, नात्यातला किंवा ओळखीचा नको, आणि त्याने समोर बसून माझं काम बघायला हवं. एवढा वेळ कोण देणार? तोवर माझ्या ओळखीचेही नसलेल्या दिनकरकाकांनी दिला... रिटायरमेंट पुढे ढकलून.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "पेशंटचं बोलणं तोडू नकोस. तुझी ओपीडीची घाई इथे चालणार नाही." परवाना देणाऱ्या बोर्डाकडे जाणाऱ्या रिपोर्टमध्येही त्यांनी तेच लिहिलं. मला राग आला. तरी जेवायला बोलावलं, तर म्हणाले, "शेवटचा रिपोर्ट जाईपर्यंत मी तुझा काका नाही. मग हिला घेऊन येतो, पुरणपोळी कर."

हिवाळ्यात त्यांचे कपडे सैल दिसायला लागले, चेहरा ओढलेला. मी विचारलं, तर हसून म्हणाले, "काकूनं डाएटवर ठेवलंय." मी डॉक्टर. तो चेहरा दुसऱ्या कुणाचा असता तर त्याच दिवशी टेस्ट करायला लावल्या असत्या. पण परीक्षक मध्येच बदलला तर मला सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं... मी डाएटवर विश्वास ठेवला.

माझा परवाना आला आणि मगच ते स्वतःला दाखवायला गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. हॉस्पिटलमध्ये मी म्हटलं, "काका, आधी का नाही गेलात?"

"तुझं अर्धवट राहिलं असतं ना."

लवकर कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असं सगळे म्हणतात. मीही पेशंटच्या घरच्यांना हेच सांगते. स्वतःला सांगता येत नाही.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती ते गेल्यावर, काकूंना भेटायला. खिडकीपाशी एक आरामखुर्ची होती, बसून बसून मधोमध खोलगट झालेली. "बस ना तिथे," काकू म्हणाल्या, "त्यांना आवडलं असतं."

मी उभीच राहिले.