चावी पाठवायची तर अंधार हवा

मी खुटबावला राहायला गेले तेव्हा ऊस डोक्याच्या वर वाढलेला होता. भाड्याच्या घराच्या गच्चीवर माझी दुर्बीण आणि तिच्यामागे प्रकाश मोजणारं यंत्र. भीमेपलीकडे, मांडवगण फराट्याच्या बाजूला, माझे सहकारी पाण्याच्या उंच टाकीवर लेझर घेऊन बसलेले. उपग्रहावरून जाणारे संदेश कुणी चोरून वाचू नयेत म्हणून त्यांना कुलूप घालायचं, आणि त्या कुलपाची चावी प्रकाशाच्या एकेका कणावरून पाठवायची, हे आमचं काम. यंत्र उपग्रहावर चढवण्याआधी ते जमिनीवर जमतंय का, हे बघायचं होतं. घरी यातलं काही सांगायची परवानगी नव्हती. आईचा फोन आला की मी हवापाण्याचं बोलायचे; हळूहळू तेही संपलं.

चावी काही जमेना. दुर्बिणीच्या नेमक्या रेषेत शेजारच्या वस्तीवरचा मोठा दिवा यायचा, आणि त्याच्या उजेडात आमचे कण हरवायचे. शेवटी मी तिथं गेले. वस्तीवर एक म्हातारे आबा एकटेच राहत. उसात बिबट्या होता, असं त्यांनी सांगितलं. त्यानं त्यांचा कुत्रा नेला होता, आणि आता गोठ्यात शेळ्या होत्या. तरी मी विचारलं, एक संध्याकाळ दिवा बंद ठेवाल का?

आबांनी एकदा गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “शेळ्या घरात घेतो. पर अंधारात एकटा न्हाई बसायचो मी. तुझ्याकडं येतो.”

दिवेलागणीला घराला कुलूप लावून, काठी घेऊन ते गच्चीवर आले. अंधार झाला तसे पडद्यावर कण मोजले जाऊ लागले. सांगता येण्याजोगं होतं तेवढं मी सांगितलं. मध्येच कुणी डोकावलं तर कण बिघडतात, आम्हाला ते कळतं, मग ती चावी आम्ही टाकून देतो.

“माझ्या फोनवर कुणी बोलतच न्हाई,” आबा म्हणाले. “चोरून ऐकणार काय?”

मला हसता आलं नाही.

चावी तयार झाली. त्या चावीनं कुलूप घालून पहिला संदेश पाठवायचा होता, कुठलाही. काय पाठवू, असं मी आबांनाच विचारलं.

“जेवलात का, इचार.”

पाठवलं. पलीकडून उत्तर आलं, अजून नाही, तुम्ही? मी ते वाचून दाखवलं.

“न्हाई म्हणावं,” आबा काठी टेकत उठले. “आन् चल आता.”

वस्तीवर भाकरी त्यांनीच थापली. चुलीपासून हातभर अंतरावर शेळ्या बसल्या होत्या. आम्ही दोघं फारसं बोललो नाही, पण ताटावर समोर कुणीतरी होतं.

पुढं यंत्र उपग्रहाबरोबर वर गेलं. आता मी शहरात एका बंद खोलीत बसते. माझ्या हातून जाणाऱ्या चाव्या कुणाचे कसले संदेश बंद करतात, मला माहीत नसतं, विचारायचंही नसतं. दुपारी डबा मी टेबलावर एकटीच उघडते.