पंचांगात नसलेले उपास

दुपारी वाचनालयातला फोन वाजला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते. पलीकडे मंजिरी होती, शैलजाची मुलगी. "मावशी, आई गेली..." एवढं बोलून ती थांबली. मग रडत म्हणाली, "उपाशीच गेली हो. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता." मी डोंबिवलीतल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा शेजारच्या बायकाही तेच बोलत होत्या. उपासात मरण आलं, केवढं पुण्य! "पण आज बुधवार, कसला उपास?" एकीनं हळूच विचारलं. "असेल बाई मनातला नवस," दुसरी म्हणाली. मला मान हलवता आली नाही. तो उपास कसला होता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

शैलजा वाचनालयात येऊ लागली ती ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला. पुस्तक निवडायला तिला फार वेळ लागे, आणि तो सगळा वेळ ती कपाटापाशी उभी असे. उभ्याउभ्या दोन-दोन प्रकरणं वाचून टाकी. "बसा ना," मी म्हणायची. "नको, उभीच बरी." मला ती जरा शिष्ट वाटली होती. तिच्या इमारतीतल्या बायकांना तर वाटतच होती. हळदीकुंकवाला गेली तरी दारातूनच वाण घेऊन परतायची. "आमच्या सतरंजीला काटे आहेत वाटतं?" असं एकीनं तिला तोंडावर ऐकवलं होतं. लग्नाकार्यात तिचा हटकून उपास असायचा. लोक तिला देवभोळी म्हणत, आणि ती म्हणू देत होती.

एका नात्यातल्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती पुस्तक बदलायला आली आणि कपाटाला धरून खाली बसली ती उठेचना. घामानं चेहरा भिजलेला. मी पाणी दिलं, चहा मागवला. चहा बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आज कसला उपास?" मी विचारलं. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून असेल, ती बोलली. "मंजिरीच्या वेळी चिमटे लावून बाळंतपण केलं. खालून सगळं फाटलं. टाके घातले, पण ताबा गेला तो गेलाच. शी कधी होईल, सांगता येत नाही, कुंदा. कळायच्या आत होऊन जाते... पोटात काही नसलं की निदान भीती नसते." "घरी माहीत आहे?" "यांना वाटतं, माझं पोट नाजूक आहे." मग कप हातात घेत म्हणाली, "आणि खरं सांगू? मला साबुदाण्याचा वाससुद्धा सहन होत नाही. मला झणझणीत मिसळ आवडते."

जुन्या साड्यांच्या घड्या आणि बाळाच्या अंथरुणात घालतात ते रबरी कापड, यांचा पट्टा ती स्वतःच शिवायची. तसलंच कापड आणून आम्ही दोघींनी एक गादी केली. आत रबरी कापड, वर निळा खणाचा अभ्रा. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर ती घातली. शैलजा पहिल्यांदा तिच्यावर बसली. पुस्तक उघडलं आणि वाचत राहिली... तेव्हापासून ती खुर्ची तिची झाली.

मंजिरीचं लग्न ठरलं आणि शैलजानं सांगून टाकलं की कन्यादान दीर-जाऊ करतील. इतका वेळ पाटावर बसायचं, तेही चारचौघांत. मंजिरी माझ्याकडे येऊन रडली. "मावशी, आईला हा मुलगा पसंत नाही का? ती माझ्याजवळ बसायलाही तयार नाही." ते ऐकून मी शैलजाला जवळजवळ ओढतच ठाण्याला नेलं. टेंभी नाक्याजवळ एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नीट तपासलं. शस्त्रक्रिया करता येईल, पण फार वर्षं गेली आहेत, खात्री नाही, म्हणाल्या. मग खणातून एक पाकीट काढलं. परदेशातून कुणी नमुना म्हणून आणलेलं. आत करंगळीएवढा स्पंज, पातळ वेष्टणात दाबून बसवलेला. शौचाच्या वाटेनं आत सरकवला की वेष्टण विरघळतं, स्पंज छत्रीसारखा उघडतो आणि वाट बंद करतो. काढायला दोरी. "यानं आजार बरा होत नाही," बाई म्हणाल्या. "पण काही तास निर्धास्त बसाल."

"म्हणजे बूच!" शैलजा म्हणाली. बाईही हसल्या. रस्त्यावर आल्यावर तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सुनेला लोणच्याच्या बरणीसारखं बंद करून आणलंय!"

कन्यादानाला तीच बसली. पहिल्यांदा मुठी आवळून, मग हळूहळू सैल. नंतर पंगतीत माझ्या शेजारी बसून जेवली. जिलबी परत मागून घेतली तेव्हा वाढपीसुद्धा हसला. इतक्या वर्षांत बाहेर पोटभर जेवलेली मी तिला पहिल्यांदा बघत होते.

बाईंनी होती-नव्हती ती सगळी पाकिटं दिली होती; उरलेली वाचनालयात माझ्या खणात असायची. कार्य आलं की ती यायची, "एक दे गं." मग ती संपली. डॉक्टरीणबाईंनाही पुन्हा मिळाली नाहीत. ठाणे-कल्याणच्या औषधवाल्यांनी असलं काही नावही ऐकलं नव्हतं. शस्त्रक्रियेचं मी विचारलं की म्हणायची, "मंजिरीचं बाळंतपण होऊ दे, मग बघू." ती गेली त्याच आठवड्यात, गुरुवारी, कोलशेतला, मंजिरीच्या सासरी, नातीचं उष्टावण होतं. नातीला मांडीवर घेऊन बसायचं होतं. मंगळवारी ती खुर्चीत बसून मला म्हणाली, "पाकीट नाही तर नाही. उपास आहेतच माझे." बुधवारी ती घरातच चक्कर येऊन पडली. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. असेलही... पण तो रिकामा खण मी अजून सहज उघडू शकत नाही.

एकदा ती म्हणाली होती, "मी आहे तोवर कुणाला सांगू नकोस. नंतर सांग. माझ्यासारखी दुसरी कुणीतरी उभी असेल." दिवस झाल्यावर मंजिरी लेकीला घेऊन वाचनालयात आली, आईकडचं शेवटचं पुस्तक परत करायला. "आई माझ्या घरी कधी टेकलीच नाही," ती म्हणाली. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, आई 'नंतर सांग' म्हणाली होती तेही. "म्हणजे आमच्या उष्टावणासाठी उपाशी राहिली..." मी तिचा हात धरला. मग तिनंच म्हटलं, "लिहा हे तुम्ही, मावशी." मग खुर्ची कुठली, विचारलं. गादीचा अभ्रा एका कडेनं वर करून आतलं रबरी कापड बघितलं, आईच्या धावदोऱ्यावरून बोट फिरवलं, आणि मुलीला मांडीवर घेऊन तिथे बसली.

जरा वेळानं ती दचकून उठू लागली. "अगबाई, हिनं ओलं केलं! आईची गादी..."

"बस तू," मी म्हटलं. "त्या गादीला काही होत नाही."