आधी तिला, मग मला

लग्न होऊन मी कोरीटच्या घराचा उंबरठा ओलांडला, तेव्हा त्यात ठोकलेले चार खिळे मला दिसले. पायाला लागतील म्हणून मी जपून पाऊल टाकलं. मागाहून बायकांनी सांगितलं की नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, पोटातलं पोरही गेलं, आणि अशी बाई परत येते म्हणून ते खिळे. स्मशानापासून दारापर्यंत मोहरीसुद्धा फेकली होती, म्हणजे ती दाणे वेचत बसेल आणि तेवढ्यात उजाडेल. मी चौदा वर्षांची होते.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. तो तिचा. जी घरात येऊ नये म्हणून खिळे मारले, तिलाच सोनाराकडून घडवून आणून माझ्या छातीवर बसवली. सवत मातीची असली तरी बोचते म्हणतात. माझी चांदीची होती, आणि आंघोळीच्या वेळीसुद्धा ती काढायची नव्हती.

तिचे नियम होते. पहिला घास तिला लावायचा, मग आपल्या तोंडात. नवी बांगडी, नवं लुगडं, सणाचं हळदकुंकू, सगळं आधी तिला. सासूबाई म्हणायच्या, "पहिले तिले, मंग तुले. तिन्हा मान शे." आणि तिचं कौतुक तर विचारू नका. तिची भाकरी चंद्रासारखी, तिचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नसे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. शेजारणी तर उसासा टाकून म्हणत, कुंकवानिशी गेली, सोनं झालं तिचं. तीन दिवस अडून, सुईणीच्या हाताखाली ओरडत मेली ती. त्याला त्या सोनं म्हणत होत्या.

नवरा कचेरीत कारकून होता. वर्षभरात आम्ही नंदुरबारला स्टेशनजवळच्या चाळीत दोन खोल्या घेऊन राहिलो, सासूबाई बरोबर. नवरा मुकाट माणूस. पहिलीबद्दल माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही, आणि माझ्या गळ्याकडे कधी नीट पाहिलंही नाही.

भाद्रपदात पित्तरांच्या पंधरवड्यात अहेव नवमी येई, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी एका सवाशिणीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. तिच्या तोंडाने आमची पहिली जेवते. एका वर्षी मी भटजींना धीर करून विचारलं की ती आहे तरी कुठे. ते म्हणाले, बाराव्याला ती पितरांत मिळाली. मग टाकात कोण, असं विचारलं, तर म्हणाले तो कुळाचार आहे. उंबरठ्याच्या खिळ्यांचं विचारायच्या आत त्यांनी ताट पुढे ओढलं. म्हणजे एकटी बाई पितरांत, माझ्या गळ्यात, सवाशिणीच्या पोटात आणि दाराबाहेर मोहरी वेचत. जिवंतपणी तिला माहेरीसुद्धा सुखाने जाऊ दिलं नसेल.

हे सगळं मी आता हसून लिहिते आहे. तेव्हा मला तिची भीती वाटत होती, आणि त्या भीतीपायी मी जे केलं ते मला आजही गिळवत नाही.

मला मुलगा झाला. तो दीड वर्षाचा असताना आखाजीला माझा भाऊ लुगडं घेऊन आला. आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण, झोके आणि गाणी. आणि त्याच दिवशी पित्तरांची घागरही भरायची. मला माहेरी पाठवलं नव्हतं. लुगडं हिरवं होतं, भाऊ दारात बसलेला, त्याला गाडी गाठायची होती. त्याने नेसलेलं बघून जावं म्हणून मी घाईत ते नेसले. टाकाला दाखवायचं राहिलं. घागर भरताना सासूबाईंनी माझ्या नव्या लुगड्याकडे पाहिलं.

आठ दिवसांनी पोराला हगवण लागली. वैशाखाचं ऊन, चाळीच्या विहिरीला तळाचं पाणी. चाळीत आणखी दोन पोरांना तेच झालं होतं, पण त्या पोरांच्या आयांच्या गळ्यात टाक नव्हता. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "तू लुगडं तिले दाखाडं नही." सरकारी दवाखाना चाळीपासून इतका जवळ होता की तिथली घंटा घरात ऐकू यायची. नवरा दाराशी येऊन म्हणाला, "दवाखान्यात नेऊ या का?" तो आईला विचारत होता की मला, ते कळलं नाही. मी म्हणाले, नको. मी स्वतः म्हणाले. ते लुगडं मी टाकापुढे घडी घालून ठेवलं होतं, नारळ फोडला होता, नाक घासलं होतं, आणि आता औषध दिलं तर तिला वाटेल माझा तिच्यावर भरवसा नाही, असं माझ्या मनात आलं. दोन दिवस मी पोराला मांडीवर घेऊन चांदीच्या पत्र्याची विनवणी करत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. त्याचं श्राद्ध नाही, घागर नाही, पान नाही. भटजी म्हणाले, बाळ निष्पाप असतं, ते सरळ पुढे जातं. पुढे म्हणजे कुठे? ते म्हणाले, पुढे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत, "इनी तिले इचारं नही, ती पोऱ्याले लई गई." मी रडत होते, पण खरं सांगायचं तर ते वाक्य मला हवं होतं. तिने नेला म्हणजे मी मारला नाही.

शेजारच्या खोलीत एका रेल्वेच्या गार्डाची बायको राहायची, गोव्याकडची ख्रिस्ती. तिची आई वारली होती आणि तिच्यासाठी ती रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून मणी ओढायची. महिनाभराने तिने मला जवळ बसवलं. तिच्याकडे मेल्यावर लगेच स्वर्ग नसतो, लगेच नरकही नसतो. मधे एक जागा असते, तिला ती पुर्गातोर म्हणायची. तिथे जीव आगीत शुद्ध होत राहतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेची वाट बघतात. त्यांना स्वतःला काही करता येत नाही. माझ्या गळ्यातल्या टाकाला हात लावून ती म्हणाली, "बाये, ती तुका कांय करची ना. तिकाच तुजी गरज आसा."

तिने ते मायेने सांगितलं. माझ्या अंगावर मात्र निखारा पडला. ती काही करू शकत नाही, तर पोराला कोणी नेलं? दवाखान्याची घंटा ऐकत नको कोण म्हणालं? मी तिला विचारलं, बरं, तुझ्या त्या जागेत माझा मुलगा आहे का? तिने वातीची काजळी काढायला मान खाली घातली. म्हणाली, ज्याच्या डोक्यावर त्यांच्या बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही, अशा बाळांची जागा वेगळी. तिथे दुःख नाही, पण देव दिसत नाही. म्हणजे तिच्या धर्मातही त्याला दाराबाहेरच बसवलं होतं. मी उठून आले आणि दोन महिने तिच्याशी बोलले नाही. त्या बाईचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मिरचीच्या दिवसांत मला कोरीटला पाठवलं. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या उघड्या मैदानावर, लाल मिरची वाळत टाकायची, सडकी वेचायची. मोलगीच्या डोंगरातून दर हिवाळ्यात मजुरीला उतरणारी एक भिलीण माझ्याबरोबर बसायची. माझ्याहून मोठी, तीन पोरं पुरलेली, तोंडाची सडेतोड. टाक बघून ती आधी हसली. "मरेल मानूसले खावाले द्या, दारू पाजा, वाजत-गाजत काढी द्या, मंग तो वाडवडीलसमा जास. तुम्ही तिले चांदीमा बांधी ठेयेल शे. ती कथी जाई?"

मी तिला सगळं सांगितलं. लुगडं, नारळ, दवाखाना, माझं नको म्हणणं. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने एक सडकी मिरची बाजूला टाकली. मग म्हणाली, "तिन्हं बी पोटनं पोर गयं ना? रिकामा हातनी बाई शे ती. तुन्हा पोऱ्या तठे एकला गया. त्याले कोन उचली? तिनीच उचलं व्हई. मारं नही तिनी. सांभाळी ऱ्हायनी."

तिखटामुळे तिथे सगळ्यांचेच डोळे वाहत असतात, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. कोणाचं खरं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. ज्यावर मला जगता येईल तेवढं मी धरून ठेवलं. त्या दिवसापासून पहिला घास मी तिला न भिता लावू लागले. सासूबाईंना वाटलं, सून वळणावर आली.

पुन्हा मूल झालं नाही. युद्धाच्या दिवसांत, रॉकेलच्या रांगा लागायच्या तेव्हा, नवरा न्यूमोनियाने गेला. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्राबरोबर टाकही ओढून काढला. सासूबाई म्हणाल्या, "सवाशीन शे ती. तुन्हा हात नको लागाले तिले." इतकी वर्षं तिला अंगावर वागवली, आणि आता मी विटाळ. ती मेलेली बाई हिरव्या चुड्यात देव्हाऱ्यात बसली, आणि मी जिवंत बाई चुलीमागे. त्या दिवशी मला तिचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता.

पण भाद्रपद आला. नवमीला कोणत्या सवाशिणीला सांगायचं, असं सासूबाईंनी विचारलं, तर भटजी म्हणाले, आता ही नवमी नाही. नवरा असेतो ती अहेव. तो गेला, आता नवमी संपली. टाक प्रकाशा गावच्या घाटावर तापीत सोडून द्या. मी चुलीमागून ऐकत होते. म्हणजे आम्ही दोघी एकाच दिवशी रांडावलो होतो, फक्त तिला ते उशिरा कळवलं. मला हसू आलं आणि मग हसू थांबेना. सासूबाईंनी हातातली पळी फेकून मारली.

सवाशीण नाही म्हटल्यावर तिला माझा हात लागायला कोणाची हरकत उरली नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, म्हणून टाक बुडवायला मलाच पाठवलं, बरोबर थोरल्या दिरांची गाडी. दीर घाटाच्या पायऱ्यांवर विडी ओढत बसले. मी कमरेएवढ्या पाण्यात गेले. कनवटीला टाक होता, आणि माझी पायातून काढलेली जोडवी होती. मी जोडवी पिवळ्या फडक्यात बांधली आणि तापीला दिली. दिरांनी लांबून हात जोडले.

टाक अजून माझ्याकडे आहे, पिठाच्या डब्यात. सासूबाई गेल्या, त्यांचं सगळं विधिपूर्वक झालं, माझ्या पुतण्यांनी केलं. मी जेवायला बसले की दार लोटून टाक काढते आणि दोन घास बाजूला ठेवते. एक तिचा. दुसरा त्याचा, पण तोही मी तिच्यापुढेच ठेवते, कारण त्याला भरवणारी तिथे तीच आहे. तो दीड वर्षाचा होता. मी त्याला आठवत नसणार, आई म्हणून तो तिलाच ओळखत असेल. माझ्या पोराला चार शितं पोचवायची तरी मला अजून आधी तिलाच वाढावं लागतं.