अक्कांचा घेवडा

उसात वेलाचा घेवडा अक्कांनी लावला नव्हता.

मी लावला होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आज सकाळी गेल्या.

दुपारी सगळं आटोपून परत आलो, तर ओसरीवर पुतण्या पाहुण्यांना घेवड्याची तीच गोष्ट सांगत होता. रडता रडता सगळे हसले. मीही हसले. मग आत येऊन फोन हातात घेतला. आता ग्रुपवर लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

आमच्या घरात कुणी घोळ घातला की म्हणतात, "झाला अक्काचा घेवडा." चुकीच्या गाडीचं तिकीट काढलं, अक्काचा घेवडा. फॅमिली ग्रुपवर भलताच मेसेज गेला, अक्काचा घेवडा. परवा नातसुनेने चहात मीठ टाकलं, तीसुद्धा हेच म्हणाली. तिला तर मूळ गोष्ट माहीतही नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी लग्न होऊन कोरेगावकडच्या या घरात आले. माझे मालक मिलिटरीत, लग्नाची रजा संपली आणि गेले. घरात मामंजी, थोरले दीर आणि अक्का.

आमच्याकडे एक रीत होती. सरीतला ऊस पुरुषांचा, दोन सऱ्यांमधल्या उंच वरंब्यावरची भाजी बायकांची. मेथी, कोथिंबीर, मुळा, घेवडा. काय लावायचं, किती लावायचं, ते अक्का ठरवायच्या. त्यांचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असायचं आणि त्या मडक्याला कुणी हात लावत नसे.

अट एकच. उसाची बांधणी व्हायच्या आत भाजी निघाली पाहिजे. बांधणीला बैल घालून वरंबा फोडतात आणि माती उसाच्या बुडाला लावतात. म्हणून घेवडा लावायचा तो बुटका, लवकर येणारा.

श्रावणात अक्कांनी बांधाकडच्या चार सऱ्या मला दिल्या. ओंजळभर बीही दिलं.

"हे टाक. वीतभर अंतर ठेव."

मी ते ओंजळभर बी शिंकाळ्यात लपवलं आणि रहिमतपुरातून आईने दिलेलं माहेरचं बी टाकलं. कुणाला न सांगता. मला दाखवायचं होतं की आमच्याकडचा घेवडा किती भारी असतो.

आईने ते परसात मांडवावर चढवायला दिलं होतं. ते मी सोयीस्कर विसरले.

महिन्याभरात वेल उसाला लागले. मी घाबरले. पाणी बघायला जाते म्हणून रोज जायची आणि शेंडे खुडायची. शेंडा खुडला की वेल दुप्पट फुटतो, हे मला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

बांधणीच्या दिवशी बैल त्या चार सऱ्यांत शिरले आणि अडले. नांगराला वेल, बैलांच्या पायाला वेल. काही ऊस तर मुळासकट आडवे झाले.

मामंजी लय तापट. बैल थांबवून म्हणाले, "कुणी लावलंय ह्ये?"

मी बांधाकडे मागे सरकले.

अक्का खाली वाकल्या. एक शेंग तोडली, सोलली, दाणा बघितला. त्यांच्या मडक्यातला नव्हता. मग माझ्याकडे बघितलं.

"म्या लावलं, मामंजी. बी बदललं माझ्याकडनं."

"सोळा वर्सं झाली तुला ह्या घरात, थोरले. आन् तुला बी वळखंना?"

अक्कांनी ती शेंग ओच्यात टाकली.

"हितनं फुडं बियाला हात लावायचा न्हाई. धाकटी लावंल."

माझ्या चुकीची शिक्षा अक्कांना झाली. आणि त्यांचं मडकं मला मिळालं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी विळ्याने वेल सोडवत होतो. उसाच्या पात्यांनी हात चिरले होते. मला राहवेना.

"अक्का, आवं का घेतलं तुमी अंगावर?"

"तुजं माहेर काढलं असतं त्येंनी. माझं सोळा वर्सं काढून झालंय, त्यात आता काय उरलं न्हाई."

पुढच्या श्रावणात मी मडकं घेऊन रानात गेले, तर अक्का बांधावर येऊन उभ्या.

"दोन दाणं टाक. तिथं नको, जरा वर. आता माती लोट."

"अक्का, मामंजी बघत्यात."

"हात लावायचा न्हाई म्हणलेत. बोलायचं न्हाई असं कुठं म्हणलेत?"

असं किती वर्षं चाललं. त्या सांगायच्या, मी टाकायची. मामंजी पाहुण्यांना सांगायचे, "धाकटीच्या हाताला गुण हाय." अक्का मान डोलवायच्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

मामंजी गेल्यावर मी मडकं अक्कांपुढे ठेवलं. म्हटलं, आता खरं सांगून टाकते.

"मी असंपर्यंत न्हाई. लोकं म्हंतील, दोघी मिळून एवढी वर्सं खोटं बोलल्या. मी गेल्यावर सांग. मग तुजं तू निस्तर."

आणि मडकं परत माझ्याकडे सरकवलं. पण त्या दिवशी आत हात घालून मूठभर बी घेतलं, जरा वेळ हातावर घोळवलं, आणि पुन्हा आत सोडलं.

मी तेव्हा मोठ्याने बोलायला हवं होतं. त्या नको म्हणाल्या आणि मला ते बरंच वाटलं, हे खरं आहे.

तर मुलांनो, सुनांनो, नातवंडांनो. तो घेवडा माझा होता. यापुढे कुणी घोळ घातला तर सुमनकाकीचा घेवडा म्हणायचं. काही दिवस जड जाईल, मग होईल सवय.

अक्का, तुमच्या मागे उभं राहून मी या घरात ताठ मानेने जगले. तुम्ही सांगितलंत तसं निस्तरते आहे.

येत्या श्रावणात बांधावर कुणी नसेल. दोन दाणे टाकीन, वीतभर अंतर ठेवीन.

नमस्कार करते, अक्का.

तुमची धाकटी