मापाला दिलेला ब्लाउज

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. शिरूरच्या आमच्या हायस्कुलातल्या लेडीज रूममध्ये तर ते खडूच्या भुकटीसारखे साचत. आज पुसावे, उद्या बोट फिरवावे, की पुन्हा पांढरे! सत्तरच्या दशकातली ती खोली. तीन खुर्च्या, एक टेबल, एक माठ आणि आम्ही चौघी. गणित आणि विज्ञान शिकवणारी मी म्हणजे थोरातबाई, पी.टी.च्या शिंदेबाई, मराठीच्या कांबळेबाई, आणि शिपाई हौसामावशी. हौसामावशींना खुर्ची नको असे. त्या दारात बसत, कारण तिथून हेडमास्तर दिसत.

माझा स्वभाव शंकेखोर. ऐकीव किस्सा मी मानत नाही. म्हणून इथे फक्त तेवढेच सांगते, ज्या प्रसंगी मी स्वतः हजर होते. अडचण एवढीच, की त्यांतल्या बहुतेकांचे कारणही मीच होते. नेमके सांगायचे तर माझी छाती. उरलेल्या शरीराच्या मानाने ती फार मोठी होती. तिच्या ओझ्याने खांदे आणि मान सदैव दुखत. ती शस्त्रक्रियेने कमी करून घ्यावी की नाही, हा विषय त्या खोलीत दीड वर्ष चालू होता.

*

क्रीडादिनाला शिक्षिकांची शंभर मीटरची शर्यत असे, आणि मी दरवर्षी स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभी असे. "अचूक वेळ थोरातबाईच घेतात," असे हेडमास्तरांचे मत होते. ते खोडून काढण्याची मला कधी गरज वाटली नाही.

सहाव्या वर्षी शिंदेबाई नेहमीप्रमाणे पहिल्या आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "बाई, एकदा तुम्ही पळा की! घड्याळ मी धरते."

"मी पळाले तर घड्याळाकडे कोण बघणार!"

सगळ्या खो खो हसल्या. मैदान रिकामे झाल्यावर मी स्टॉपवॉच चालू करून ते शंभर मीटर चालत गेले. वेळ लिहून ठेवली नाही.

*

वर्गात शिरताना लॉग टेबलचे पुस्तक मी छातीशी धरत असे. पदर दोन पिनांनी पक्का, त्यावर पुस्तक. न्हावऱ्याचे एक पालक मुलीची चौकशी करायला आले होते. ते मला जाताना पाहून हौसामावशींना म्हणाले, "ह्या बाई लई शिकल्याल्या दिसत्यात. पुस्तक उरापासनं हालत न्हाई! आन् आमची पोरगी, दप्तर उघडंल तर शपथ!"

आकड्यांच्या कोष्टकांवर कोणी इतके प्रेम करत नाही, हे त्यांना सांगणार कोण?

*

गॅदरिंगमध्ये फिशपाँड असत. मुले निनावी चिठ्ठ्यांतून शिक्षकांना चिमटे काढत आणि त्या स्टेजवरून वाचल्या जात. एका वर्षी हेडमास्तरांनी माझे नाव पुकारले, चिठ्ठी उघडली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "अक्षर लागत नाही," म्हणाले आणि ती खिशात घातली. मागच्या रांगांतून हसू फुटले. त्यात काय लिहिले असेल, हे कळायला कोणालाच वाचावे लागले नाही.

हेडमास्तर माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा खिशातून चिठ्ठीची कड दिसत होती. मला अक्षर लगेच लागले. सुबक, गोलाकार. त्याच अक्षराला मी प्रयोगवहीत दहापैकी नऊ गुण दिले होते.

पुढच्या वहीलाही नऊच दिले. अक्षराचा काय दोष!

*

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "वजन उतरवा, आपोआप कमी होईल." मी आठ महिन्यांत नऊ किलो उतरवले. गाल गेले, दंड गेले, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. जे उतरायचे ते जिथल्या तिथे!

"बाई," कांबळेबाई म्हणाल्या, "तुम्ही मागून ओळखूच येत नाही हो."

"आणि पुढून?"

"पुढून लगेच!"

*

एकदा खांदा इतका भरून आला, की फळ्यावर हात जाईना. हौसामावशींनी दार लावून तेल चोळायला घेतले. ब्लाउज खाली सरकवताच त्यांचा हात थांबला. दोन्ही खांद्यांवर आतल्या पट्ट्यांच्या खाचा होत्या, बोट बसेल एवढ्या.

"अगं बया! जू घासून बैलाला वळ पडत्यात, तसं पडल्यात की वो बाई! आन् बैलाचं तरी पोळ्याच्या आदल्या दिशी खांदं मळत्यात. तुमचं कोन मळतंय?"

त्यानंतर दर शुक्रवारी, मधल्या सुट्टीत, माझी खांदेमळणी ठरलेली. शिंदेबाई दाराला पाठ लावून उभ्या राहत. कोणी आलेच तर आतून हौसामावशी ओरडत, "बैल हायेत आत! नंतर या!"

*

आता आप्पांबद्दल सांगायला हवे. बाजारपेठेतले आप्पा शिंपी बाईमाणसाच्या अंगाला टेप लावत नसत. जुने पोलके मापाला द्यायचे, त्यावरून ते नवे शिवणार. गावात सगळ्यांचीच ही रीत. लग्न झालेल्या बाईच्या पोलक्यात ते दोन्ही बाजूंच्या शिलाईत दोन-दोन बोटे कापड जास्त सोडत. "पोरंबाळं झाल्यावर उसवाया लागतं," म्हणत.

माझ्या लग्नाला सात वर्षे झाली होती. या सात वर्षांत आप्पांनी मला एकवीस ब्लाउज शिवून दिले. एकाचीही शिलाई उसवावी लागली नाही. एका रविवारी कपाट आवरताना मी हिशेब केला: बेचाळीस शिलाया, चौऱ्याऐंशी बोटे कापड.

गणिताच्या शिक्षिकेने असले हिशेब करू नयेत.

*

शेवटी पुण्याच्या सर्जनकडे गेले. त्यांनी तपासले, कागदावर चित्र काढून टाके कुठे येतील ते दाखवले आणि विचारले, "मिस्टर काय म्हणतात?"

"मिस्टरांचे खांदे दुखत नाहीत."

ते हसले. मग, "मूलबाळ?"

"नाही. अजून नाही."

त्यांनी पेन खाली ठेवले. "मग नीट ऐका. या ऑपरेशननंतर पुढे अंगावर पाजता येईलच, असं मी सांगू शकत नाही. येईलही. नाहीही."

"शक्यता किती?"

"बाई, हे गणित नव्हे." पेन पुन्हा उचलून त्यांनी विचारले, "आणि किती कमी हवंय?"

एकक लिहिले नाही म्हणून मी सात वर्षे मुलांचे गुण कापत आले होते. मला आकडाही सांगता आला नाही आणि एककही.

"ठरवून या," ते म्हणाले. "पुढच्या महिन्याची तारीख धरून ठेवतो. पंधरा दिवसांत हो की नाही ते कळवा."

*

लेडीज रूममध्ये हे सांगितल्यावर पहिल्या कांबळेबाईच बोलल्या. त्या इतक्या सडपातळ, की वाऱ्याच्या दिवशी छत्री उघडत नसत.

"डॉक्टरांना सांगा, उरेल ते टाकू नका म्हणावं. इथं गरजू आहेत!"

हसणे ओसरल्यावर शिंदेबाईंनी विचारले, "समजा झालं. मग पहिलं काय कराल? पळाल?"

"पालथी पडून पुस्तक वाचेन."

मी समजावून सांगितले, की बाराव्या वर्षापर्यंत मी फरशीवर पालथी पडून, पाय हवेत हलवत वाचत असे. त्यानंतर कधी नाही. पुस्तके पुष्कळ वाचली. तशी एकही नाही.

"एवढ्यासाठी पुन्याला?" हौसामावशी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने स्वतःशीच, "मी बी पालथी झोपायची, ल्हान व्हते तवा."

*

नवरा दौंडला, मालगाडीवर गार्ड. शनिवारी शाळा सुटली की मी न्हावरेमार्गे एस.टी.ने दौंडला जाई. त्या शनिवारी गाडी खच्चून भरलेली. निमोण्याची एक बाई उभी होती. आमच्या गाड्यांत उभ्या बाईने आपले मूल बसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवायचे, विचारायचे नाही, ही पद्धत. तिने पाच-सहा महिन्यांचे बाळ माझ्या मांडीत ठेवले.

बाळाने माझ्याकडे पाहिले, मान वळवली आणि ते तोंड उघडून सरळ माझ्या पदरात घुसले. डोके इकडे आपटी, तिकडे आपटी. मिळेना तेव्हा त्याने असे भोकाड पसरले, की ड्रायव्हरने मागे वळून पाहिले.

"फसलं बगा!" ती बाई ओरडली. "त्येला वाटलं, हितं तर लई हाय!"

सगळी गाडी हसली. मीही हसले. मग रडून रडून ते तिथेच झोपले, गाल टेकून, तोंड अर्धे उघडे ठेवून. अशा वेळी दुखणे थांबते, असे लोक सांगतात. माझे थांबले नव्हते. मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिले. खांदा दुखतच होता.

तिचे गाव आले. तिने बाळ उचलले. पदरावर वाटीएवढा ओला डाग राहिला होता. दौंड येईपर्यंत मी त्यावर लॉग टेबल धरले नाही.

*

नवरा म्हणाला, "तू ठरव."

"मी तुमचं मत विचारतेय."

"गार्ड शेवटच्या डब्यात असतो. पुढचा सिग्नल त्याला कुठे दिसतो?"

मला राग आला. सर्जन जे म्हणाले ते मी त्याला शब्दशः सांगितले: येईलही, नाहीही. तो बराच वेळ हिरवा झेंडा घडी करत बसला. मग म्हणाला, "माझी आई मी चार दिवसांचा असतानाच गेली. मी शेळीच्या दुधावर वाढलो."

हे मला माहीत होते. या प्रश्नाशी मी ते कधी जोडले नव्हते. मी त्याच्याकडे पाहिले. पुरावा एकच होता, पण पावणेसहा फूट उंच होता!

"आणि रजेचा अर्ज टाकलाय," तो म्हणाला. "पत्रात तू कळवलेल्या तारखेचा. लागली तर लागेल."

*

सोमवारी कांबळेबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लाउज माझ्यापुढे ठेवला. इस्त्री केलेला. "किती हवं ते सांगता येत नाही ना? मग मापाला हा घ्या. माझा सगळ्यांत चांगला आहे. पदवीदानाला घातला होता."

तो आणि निळसर राखाडी कापड मी आप्पांकडे टाकले. गुरुवारी आणायला गेले. दुसऱ्या दिवशी पंधरवडा संपत होता.

"बाई," आप्पा म्हणाले, "गडबडीत तुम्ही कांबळेबाईंचं पोलकं दिलं हुतं मापाला! कुनाचं पोलकं कंचं, मला कळत न्हाई व्हय? तुमचं माप तोंडपाठ हाय. त्याच मापानं शिवलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् खांद्याला आतनं रुंद पट्टी घातलीय, दुहेरी. तुमचं दर पोलकं तितंच विरतंय. दिसतंय मला."

पडद्याआड जाऊन मी तो घातला. एक सुरकुती नाही. माप नेहमीचेच, पण रुंद पट्टीमुळे कुठे ओढ नाही, कुठे काच नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगाला काहीतरी नीट बसले होते. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

मग बाहेर आले, समोरच्या दुकानातून त्याच रंगाचे कापड घेतले आणि परत येऊन ते कांबळेबाईंच्या ब्लाउजसह आप्पांच्या फळीवर ठेवले.

आप्पांनी ब्लाउजकडे पाहिले. मग माझ्या चेहऱ्याकडे. दुसरीकडे कुठे नाही.

"चूक न्हवती म्हना की."

"नव्हती."

"कवा पायजे?"

"दोन महिन्यांनी."

"आन् हे शिवल्यालं?"

"ते घालून पुण्याला जाते."

आप्पांनी कांबळेबाईंचा ब्लाउज उलटा करून मापे घेतली, कापड पसरले, खडू उचलला. पहिली रेघ ओढता ओढता थांबले.

"बाई, आत कापड सोडू?"

"सोडा," मी म्हटले. "दोन बोटं."