डावी बाजू मुकी

निलंग्याचे चंद्रप्पा मिस्त्री तीस वर्षं जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आले होते, पण मशीनच्या आधी तेच तापायचे. आज भजनी मंडळाच्या शिवगंगाबाई त्यांचं मशीन घेऊन आल्या. संध्याकाळी कार्यक्रम, आणि डावा स्पीकर गप्प!

मिस्त्रींनी दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. मशीनची डावी बाजू मुकीच. माईककडून येणाऱ्या वायरी बदलल्या, तरी तेच. फ्यूज शाबूत, ट्रान्झिस्टरही शाबूत.

"मग मेलं कशानं हे?" ते मशीनवरच खेकसले.

शेवटी त्यांनी डाव्या व्हॉल्यूमच्या बटणामागं, जिथून आवाज पुढं जातो तिथं, पेचकसाचं टोक टेकवलं. स्पीकर असा घुमला की शिवगंगाबाई दचकून उभ्याच राहिल्या.

"जित्तं हाय! पुढचं समदं जित्तं हाय!" मिस्त्री नाचायचेच बाकी राहिले. "खोट ह्या बटणातच हाय!"

त्यांनी घाईघाईनं बटण खोललं. आत पांढरी भुकटी गच्च बसलेली. चिमटीत घेऊन हुंगली. विभूती!

"मशीनला ओली विभूती फासायची अक्कल कुणाची? नाव सांगा बाई, बघतोच त्याला!"

शिवगंगाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मिस्त्री, दर दसऱ्याला मशीन पूजेला तुमच्याकडंच आणतो की. पहिल्या बटणाला विभूती तुमीच लावता."

चंद्रप्पांनी हळूच मान वर केली. समोरच्या फळीवर गिऱ्हाइकांची अकरा मशीनं ओळीनं बसली होती, आणि प्रत्येकाच्या डाव्या बटणावर पांढरेशुभ्र तीन पट्टे होते.